पेनड्राइव्हमधले काका

काकूंच्या नवऱ्याचा आवाज मी पुसून टाकला. रविवारी सकाळी सव्वाअकराला, पूर्ण शुद्धीत, रिमोटवरचं मधलं गोल बटण दाबून. टीव्हीनं मला आधी विचारलं होतं. मी ‘हो’ म्हटलं.

‘हो’ म्हणणं हा माझा जुना आजार आहे. कोलकात्याला बदलीवर जाणार का, असं विचारलं तेव्हाही मी ‘हो’ म्हटलं होतं आणि मग घरी येऊन बायकोला नकाशा दाखवला होता. इथे गार्डन रीचच्या ऑफिसात रुजू झाल्यावर एका मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, कॉम्प्युटर सुरक्षेचं काम कोण बघणार? मी तेव्हा बिस्किटाकडे बघून मान हलवली होती. ती होकारार्थी धरली गेली. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी माझ्या सहीचं परिपत्रक निघतं. अनधिकृत ठिकाणाहून ॲप घेऊ नये. दुसऱ्याचा पेनड्राइव्ह लावू नये. पडद्यावरची सूचना पूर्ण वाचल्याशिवाय होकार देऊ नये. यातला तिसरा मुद्दा मी माझ्या मनाने घातला आहे, आणि त्याबद्दल मला शाबासकीही मिळाली आहे.

तर ही शाबासकी खिशात घेऊन मी आमच्या मंडळात वावरत असे.

इथल्या मराठी लोकांचं हे मंडळ तसं छोटं. निम्मे आमच्यासारखे, तीन-चार वर्षांसाठी बदलीवर आलेले. निम्मे इथेच जन्मलेले, आमच्याकडे ‘पाहुणे आलेत, जातील’ अशा नजरेनं बघणारे. हॉलमध्ये एक मोठा टीव्ही आहे आणि त्याच्या पाठीमागे, वायरच्या आधाराने लोंबकळणारी एक काळी डबी. तिला इंटरनेट जोडलं की सिनेमे, भजनं, स्वयंपाकाचे व्हिडिओ, सगळं दिसतं. फक्त म्हाताऱ्या मंडळींना हवी असलेली मराठी वाहिनी दिसत नाही. केबलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, “दादा, ओ भाषा हमारे पाड़ा में कौन देखता है?” डबीच्या अधिकृत दुकानात शोधलं, तर ‘हे ॲप तुमच्या उपकरणासाठी उपलब्ध नाही’ असं कोरडं उत्तर.

गणपतीच्या आधीच्या बैठकीत हा विषय निघाला, आणि मी म्हणालो, “माझ्यावर सोडा.”

आमच्या सेक्रेटरीबाई एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. समोरच्याचा कर्जाचा अर्ज वाचावा तसं त्या माणसाकडे बघतात. त्या म्हणाल्या, “तुमच्यावर काय काय सोडायचं? गेल्या वर्षी लाउडस्पीकर सोडला होता.”

“तो दुरुस्त झाला ना?”

“झाला. तुम्ही हात काढल्यावर.”

सगळे हसले. मीही हसलो. आणि मनात ठरवलं, की आता दाखवतोच.

त्याच बैठकीनंतर चपला घालताना काकूंनी मला बाजूला घेतलं.

काकू म्हणजे मंडळातलं सगळ्यात जुनं माणूस. ऐंशीला टेकलेल्या. जन्म इथला, शाळा इथली, पुढे चाळीस वर्षं इथल्याच मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, तोही बंगालीतून. मराठी मात्र अशी लख्ख, की आमच्या मुलांची धेडगुजरी ऐकून त्या डोळे मिटून घेतात. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे नुसतं ‘काका’ म्हणत, तीस वर्षं मंडळाची नाटकं बसवत आणि त्यात मुख्य कामही करत. सहा वर्षांपूर्वी ते गेले. मी इथे येण्याच्या आधीच. मी त्यांना फक्त हॉलमधल्या फोटोत पाहिलंय.

काकूंनी पिशवीतून चष्म्याचं एक जुनं घर काढलं. टपकन उघडणारं, आत मऊ निळं कापड असलेलं. आत चष्मा नव्हता. एक पेनड्राइव्ह होता.

“ह्यांचं शेवटचं नाटक,” त्या म्हणाल्या. “कॅसेट होती. इथल्या हवेत बुरशी लागली. न्यू टाउनला माझी भाची असते, तिनं कुठूनसं यात उतरवून आणलं. कॅसेट मग टाकूनच दिली, हात लावला की भुगा व्हायची.”

“वा! मग बघितलंत?”

“नाही.” त्यांनी घर टपकन मिटलं. “एकटीनं बघवत नाही रे. गणपतीत तिसऱ्या दिवशी जुन्या नाटकाची संध्याकाळ असते ना आपली, तेव्हा सगळ्यांबरोबर बघेन. तू एवढं कर, टीव्हीवर नीट लागतंय का बघून ठेव. आणि एक कॉपी काढून ठेव. करशील ना?”

मी काय म्हणालो असेन ते सांगायला नको.

रविवारी सकाळी किल्ली घेऊन मी एकटा हॉलवर गेलो. बुधवारी गणपती बसणार होते, शुक्रवारी काकूंची संध्याकाळ. भरपूर वेळ होता. फोनवर एका उत्साही तरुणाचा व्हिडिओ लावला. ‘दुकानात नसलेलं ॲप पाच मिनिटांत टीव्हीवर घ्या’ असं तो सांगत होता, आणि दर वाक्याला ‘टेन्शन घ्यायचं नाही’ म्हणत होता. मी घेतलं नाही.

पहिली पायरी: सेटिंगमध्ये खोल आत जाऊन एका आकड्यावर सात वेळा बटण दाबायचं. सातव्यांदा दाबल्यावर पडद्यावर अक्षरं आली, ‘तुम्ही आता डेव्हलपर आहात.’ चोपन्नाव्या वर्षी, कुठलीही परीक्षा न देता! आईनं मी इंजिनिअर व्हावं म्हणून केलेले सोमवार असे उशिरा फळाला आले. दुसरी पायरी: अनोळखी ठिकाणचं ॲप घेण्याची परवानगी डबीला द्यायची. तिनं विचारलं, यामुळे नुकसान होऊ शकतं, जबाबदारी तुमची, चालेल? हो. खरंच? हो. तिसरी पायरी: ॲपची फाइल लॅपटॉपवर उतरवायची, पेनड्राइव्हवर घालायची आणि पेनड्राइव्ह डबीला लावायचा.

माझा पेनड्राइव्ह घरी राहिला होता. काकूंचा समोर होता.

इथे मी एक गोष्ट कबूल करतो, कारण ती सांगायला मला सगळ्यात जड गेली. काकूंचा पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावल्यावर मला त्यात ती फाइल दिसली. ‘नाटक’ एवढंच नाव. लॅपटॉपवर कॉपी काढून घेऊ म्हणून मी ती ओढलीसुद्धा. ‘चौदा मिनिटं लागतील’ असं लॅपटॉप म्हणाला. मी म्हटलं, चौदा मिनिटं कोण बसतंय, नंतर काढू. आणि रद्द केलं. त्या चौदा मिनिटांनी मला पुढचे सहा दिवस दिले.

ॲपची फाइल नाटकाशेजारी ठेवली, पेनड्राइव्ह डबीला लावला. डबी म्हणाली, जागा अपुरी आहे. बरोबरच होतं, सगळ्यांनी तिच्यात पाककृती भरून ठेवल्या होत्या. लगेच तिनंच उपाय सुचवला: हा ड्राइव्ह माझी जादा जागा म्हणून वापरू का? खाली बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी होत्या. त्या मी वाचल्या नाहीत. तोवर मी नऊ प्रश्नांना ‘हो’ म्हटलं होतं आणि नऊही वेळा काही बिघडलं नव्हतं. दहाव्यांदा अंगठा आपोआपच पडला.

एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली. वीस सेकंद. मी त्या वेळात शिट्टी वाजवत होतो.

मग ॲपची फाइल शोधली, तर ती सापडेना. मला वाटलं, डबीच बावळट आहे. मी ती फाइल इंटरनेटवरून थेट डबीत उतरवली, बसवली, ‘हो, हो, हो’ करत उघडली. मराठी वाहिनी लागलीच नाही. त्याऐवजी जुगाराची जाहिरात सुरू झाली, अपुऱ्या कपड्यांतली एक बाई पत्ते उधळत नाचू लागली, आणि आवाज इतका मोठा की खिडकीतलं कबुतर उडालं. रिमोट चालेना. आणि त्याच वेळी दार उघडून सेक्रेटरीबाई आत आल्या. मागे अथर्वशीर्षाच्या सरावाला आलेल्या अकरा बायका.

मी डबीवर झडप घातली. वायर, पेनड्राइव्ह, हाताला लागेल ते उपटलं. टीव्ही काळा झाला. 

“सराव कोणाचा आहे आज?” सेक्रेटरीबाईंनी विचारलं. “आमचा की हिचा?”

बायका हसल्या, आणि मला वाटलं, चला, आजचं संकट एवढंच होतं. फजितीची मला सवय आहे. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन लॅपटॉप उघडला. आता निदान काकूंची कॉपी तरी काढू. पेनड्राइव्ह लावला.

लॅपटॉप म्हणाला, हा ड्राइव्ह वाचता येत नाही. फॉरमॅट करू?

काढला. फुंकला. पुन्हा लावला. तेच. मग मला ती दहावी सूचना आठवली. न वाचलेल्या त्या दोन बारीक ओळींचा आकार आठवला, आणि मी फोनवर शोधून त्या दोन ओळी तिथे वाचल्या. ‘या ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल.’

पलीकडे बायकांनी एकसुरात म्हणायला सुरुवात केली होती.  भीती पोटात येते असं लोक सांगतात. माझी कानात आली. नुसती शीळ. त्या शिळेतून एकच वाक्य ऐकू येत होतं: एकटीनं बघवत नाही रे.

घरी गेल्यावर मी चष्म्याचं घर कपाटात ठेवलं, मग तिथून काढून पुस्तकांमागे, मग तिथून ऑफिसच्या बॅगेत. जिथे ठेवीन तिथून ते मला दिसायचं. सोमवारी ऑफिसात एका कारकुनानं टेबलावर आपला चष्मा ठेवला आणि त्याचं घर मिटलं. टपकन. मी खुर्चीतून उठलोच.

“सर, तब्येत?” त्यानं विचारलं.

“ऊन आहे,” मी म्हणालो. बाहेर पाऊस पडत होता.

सोमवारी दुपारी भाचीला फोन केला. आवाज शक्य तितका सहज ठेवला होता. “सहज विचारतोय, त्या नाटकाची आणखी एखादी कॉपी असेलच ना तुमच्याकडे?”

“नाही हो. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर होती. नोकरी बदलली तेव्हा तो परत दिला, त्यांनी सगळं साफ केलं असेल. मामीकडे पेनड्राइव्ह आहे ना! का? काय झालं?”

“काही नाही, काही नाही.”

“तुम्ही दोनदा ‘काही नाही’ म्हणालात.”

मी फोन कट झाल्यासारखं केलं. माझं हे नाटक मात्र कोणी रेकॉर्ड करत नव्हतं, एवढंच नशीब.

मंगळवारी सकाळी बायकोनं मला पकडलं. मी चहात साखरेऐवजी मीठ घालून तो चहा तक्रार न करता प्यायलो, हे तिनं पाहिलं होतं. सगळं सांगितलं. तिनं मिठाची बरणी माझ्यापुढून उचलून फळीवर ठेवली. मग म्हणाली, “अहो, तुमच्या परिपत्रकावर सही करताना तुम्ही ते वाचता का?”

“वाचतो. मीच लिहितो.”

“मग काकूंना आजच सांगा.”

“सांगतो.”

“आज.”

“हो.”

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की माझं मलाच कळलं, हाही तसलाच ‘हो’ आहे.

आणि तसलाच होता. सांगायला म्हणून निघालो आणि मेट्रोतून भलत्याच स्टेशनवर उतरलो, कोलकात्याच्या चांदनी चौकातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. एका अरुंद जिन्यावर, दुसऱ्या मजल्यावर, पुसलेलं परत काढून देणारा एक माणूस बसतो असं कोणीतरी सांगितलं होतं. माझ्याच वयाचा, नाकावर घसरलेला चष्मा, समोर उघडीनागडी यंत्रं. मी चष्म्याचं घर उघडून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं पेनड्राइव्ह आपल्या मशीनला लावला आणि सगळी हकिगत हिंदीतून ऐकून घेतली.

“पुसल्यावर त्याच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं?”

“एक ॲप बसवलं.”

“कुठलं ॲप?”

मी खाली बघून म्हणालो, “नाचणारं.”

“ए की कोरेछेन, दादा!” हे काय करून बसलात, असं म्हणून तो चष्मा वर सरकवत माझ्याकडे बघत राहिला. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात त्या आवाजात त्यानं समजावलं: पुसलेलं लगेच जात नाही, पाटीवर पुसट राहतं, पण त्या पाटीवर तुम्ही पुन्हा लिहिलंत. जे वर लिहिलं गेलं त्याच्याखालचं गेलं. उरलेलं बघतो. आशा ठेवू नका. शुक्रवारी सकाळी या.

“गुरुवारी नाही होणार?”

“आशा ठेवू नका म्हटलं, आणि तुम्ही घाई ठेवताय?”

रिकामं चष्म्याचं घर घेऊन मी जिना उतरलो. ते रिकामं आहे हे हाताला कळत होतं. इतकीशी वस्तू, पण तिच्या नसण्याचं वजन होतं.

बुधवारी गणपती बसले. मी आरतीत सगळ्यात मागे, खांबाआड. मला त्या मूर्तीकडे बघवेना, कारण तिच्या शेजारीच तो काळा टीव्ही होता. आरती संपता संपता खांद्यावर हात पडला. काकू.

“भाचीला फोन केला होतास म्हणे?”

झांजा वाजत होत्या म्हणून बरं. माझ्या छातीतलं कोणाला ऐकू गेलं नाही. “हो. ते... आवाज जरा बारीक वाटत होता. म्हटलं, दुसरी कॉपी असली तर...”

“ऐकलास म्हणजे तू?” काकूंचा चेहरा एकदम उजळला. “कसा आहे आवाज?”

आत्ता सांगायचं. हीच वेळ होती. समोर गणपती, बाजूला बायको, हातात प्रसादाचा पेढा.

“छान आहे,” मी म्हणालो. “खणखणीत.”

“होताच तसा,” काकू म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर थोपटून पुढे गेल्या.

बायकोनं माझ्या हातातला पेढा काढून घेतला. म्हणाली, “तुम्हाला नको.”

पेनड्राइव्ह पुसला तो मूर्खपणा. पण हे ‘खणखणीत’ दुसऱ्या जातीचं होतं, ते मला त्याच क्षणी कळलं, आणि तेव्हापासून भीतीची चव बदलली. आधी मला काकूंच्या रागाची भीती वाटत होती. आता त्या शुक्रवारी पहिल्या रांगेत, इस्त्रीचं पातळ नेसून, पडद्याकडे बघत बसल्या आहेत आणि पडद्यावर काहीच येत नाही, असं मला दिवसाउजेडी दिसत होतं. जेवताना दिसायचं, फाइलवर सही करताना दिसायचं. गुरुवारी मी दोन फाइली उलट्या धरून सही केल्या.

शुक्रवारी सुट्टी टाकून सकाळीच चांदनी गाठली. दुकान उघडायच्या आधी अर्धा तास जिन्यावर बसून होतो.

तो माणूस आला, कुलूप उघडलं, देवाला उदबत्ती लावली, आणि मग म्हणाला, “चित्र गेलं. सगळं. आवाजाचे तुकडे मिळालेत. जोडून अकरा मिनिटं.”

दोन-अडीच तासांच्या नाटकातली अकरा मिनिटं. त्यानं मला कानाला लावायला हेडफोन दिले. आधी नुसती खरखर, खोकला, कुठेतरी लहान मूल रडतंय. मग काकांचा आवाज आला. फोटोतल्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. भरदार, थोडा घोगरा. खोटं सांगताना मी वापरलेला शब्द अगदीच चुकीचा होता. खणखणीत वगैरे काही नव्हता. आणि प्रत्येक वाक्याआधी, अर्धा क्षण आधी, दुसरा एक आवाज ऐकू येत होता. बायकी, कुजबुजता, पण धारदार. माइक बहुतेक विंगेजवळ ठेवला होता. त्यामुळे कुजबुज मोठी आणि काका लांब. ‘दार उघडं ठेव’, कुजबुज म्हणायची. “दार उघडं ठेव,” काका म्हणायचे. ‘मी येईन’. “मी येईन!”

तो धारदार आवाज बुधवारीच मला विचारून गेला होता, कसा आहे आवाज.

दुकानदारानं विचारलं, “चालेल एवढं?”

पहिल्यांदाच मला ‘हो’ म्हणता आलं नाही.

ती अकरा मिनिटं लॅपटॉपवर घेऊन तिथून सरळ काकूंच्या घरी गेलो. दुपारी बाराचा सुमार, त्या वरणाला फोडणी देत होत्या. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच उभा राहिलो. बसलो असतो तर सांगितलंच नसतं. सगळं सांगितलं: डबी, दहा ‘हो’, चौदा मिनिटं, नाचणारी बाई, आणि ‘खणखणीत’. 

काकूंनी गॅस बंद केला. पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. वरणावर मोहरी अजून तडतडत होती, ती थांबली, तरी त्या वळल्या नाहीत. मला वाटलं, पडतील. 

“काय उरलंय?” त्यांनी विचारलं.

मी लॅपटॉप ओट्यावरच ठेवला आणि लावलं. पहिल्या कुजबुजीला त्यांचा हात आपोआप वर आला, समोरच्याला ‘आता’ अशी खूण करतात तसा. अकरा मिनिटं तो हात तसाच होता. संपल्यावर त्यांनी पदरानं ओटा पुसला. ओटा स्वच्छ होता.

“तिसरा अंक,” त्या म्हणाल्या. “इथे दर प्रयोगाला अडकायचे.” मग लॅपटॉपच्या काळ्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, “चेहरा एकदा बघायचा होता.”

मी लॅपटॉप मिटला. 

“आज संध्याकाळी हेच लावायचं,” त्या म्हणाल्या, आता त्यांचा शाळेतला आवाज लागला होता. “पडदा काळा राहू दे. त्या डबीला तू हात लावायचा नाहीस. आणि लावायच्या आधी, चित्र का नाही, ते तू सांगायचं. सगळ्यांसमोर.”

“काकू, मी सेक्रेटरीबाईंना सांगतो, त्या सांगतील...”

“भूगोलाच्या तासाला नकाशा फाडणाऱ्या मुलीला मी फळ्याजवळ उभं करायची. शेजारणीला नाही.”

संध्याकाळी हॉल गच्च. बराकपूरहून फौजेतली दोन कुटुंबंही आली होती. अध्यक्षांनी माइक हातात घेऊन जाहीर केलं, “आजच्या संध्याकाळची सगळी तांत्रिक व्यवस्था ज्यांनी केली ते आता दोन शब्द बोलतील,” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला फटाक्यांसारख्या लागल्या. मी स्टेजवर गेलो. पहिल्या रांगेत काकू होत्या, इस्त्रीचं पातळ, मांडीवर मी दुपारी परत केलेलं चष्म्याचं रिकामं घर. अगदी जसं दोन दिवस दिसत होतं तसंच.

“नमस्कार,” मी म्हणालो. “आजचं रेकॉर्डिंग... म्हणजे काही तांत्रिक कारणानं... असं झालं की, या हवेत पेनड्राइव्हसुद्धा...”

आणि शब्द संपले. शंभर चेहरे. तळहाताचा घाम माइकला लागून तो निसटायला लागला. माझं डोकं पाटीसारखं कोरं झालं होतं. मी काकूंकडे बघितलं.

काकू जराही हलल्या नाहीत. नुसते ओठ. कुजबुज, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी.

“मी पुसलं.”

“मी पुसलं,” मी म्हणालो.

“न वाचता.”

“न वाचता,” मी म्हणालो. मग पुढचं माझं मलाच आलं. ॲप, डबी, जाहिरात, सगळं. बायकांना आता रविवारच्या नाचाचा उलगडा झाला. कोणी हसलं, कोणी ‘अरेरे’ म्हणालं. सेक्रेटरीबाईंनी कपाळाला हात लावला. मग दिवे मालवले आणि काळ्या पडद्यासमोर बसून आम्ही सगळ्यांनी काकांचा आवाज ऐकला, आणि त्याच्या अर्धा क्षण आधी काकूंचा. अकरा मिनिटं कोणी खोकललंही नाही. हॉलमध्ये खोकला आला तो फक्त रेकॉर्डिंगमधला.

दिवे लागले तेव्हा मी विंगेतच उभा होतो, पळून जायचा दुसरा रस्ता नव्हता म्हणून. काकू उठून पायऱ्यांपर्यंत आल्या. सगळे बघत होते. मला वाटलं, आता त्या क्षमा करतील, डोक्यावर हात ठेवतील. मी डोकं थोडं वाकवूनही ठेवलं.

“आमचे हे अडकले की गप्प उभे राहायचे आणि विंगेकडे बघायचे,” काकू म्हणाल्या. “तुला मेल्या अडकतासुद्धा येत नाही. तू आपला ‘हो’ म्हणून मोकळा होतोस.”